छडी गेली, परवानगी उरली

आमच्या मुलुंडमध्ये पन्नाशी ओलांडलेली चार माणसं कट्ट्यावर जमली की शाळेचा विषय निघतो, आणि शाळेचा विषय निघाला की माराचा निघतोच. कुणाला छडीचे वळ आठवतात, कुणाला पिळलेला कान, कुणाला वर्गाबाहेर धरलेले अंगठे. शेवटी सगळ्यांचं एकमत होतं, "मार खाल्ला म्हणून तर घडलो!" मार खाऊन जे घडले नाहीत, शाळा सोडून गेले, ते अर्थातच कट्ट्यावर नसतात. त्यामुळे हे मत नेहमी बिनविरोध मंजूर होतं.

या एकमताची मुळं जुनी आहेत. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. खरीखोटी कशीही असो, ती आपण एका बाणेदार मुलाची गोष्ट म्हणून सांगतो. पण टरफलं कुणी टाकली हे कळत नाही म्हणून अख्ख्या वर्गाला शिक्षा करायला निघालेल्या गुरुजींबद्दल कुणी काही विचारत नाही. गुरुजींनी मारायचं हे गृहीतच. "छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही" हे आपण इतक्या प्रेमानं मानलं की १९५३ सालच्या 'श्यामची आई' चित्रपटात छडीवर एक गाणंच आहे, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते हसत हसत म्हटलं.

गंमत अशी, की ज्यांच्या पुस्तकावर तो चित्रपट निघाला ते साने गुरुजी स्वतः वेगळ्या जातीचे मास्तर होते. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि तिथलं वसतिगृहही सांभाळत होते. मुलांच्या खोल्यांत पसारा दिसला की ते मुलांना न बोलता स्वतः झाडू घ्यायचे. मुलं ओशाळायची आणि हळूहळू आपली खोली आपणच आवरू लागायची. हा उपाय सगळ्यांना जमण्यातला नाही, मान्य. पण त्याच काळात, त्याच समाजात, छडीशिवाय शिस्त लागू शकते हे एका माणसानं रोजच्या वागण्यातून दाखवलं होतं, एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

कायद्याचा कौल मात्र बरीच वर्षं छडीच्या बाजूनं होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानं असा निर्वाळा दिला होता की पालक मुलाला शाळेत घालतात तेव्हा शिस्तीसाठी वाजवी शिक्षा करायला त्यांची संमती असते, असं समजायचं. म्हणजे शाळेत नाव घालणं हीच परवानगी! हे उलटायला बराच काळ जावा लागला. २००० साली दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या शाळांच्या नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कागदावर छडी गेली. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतल्या एका शाळेत उशिरा आलेल्या मुलांना उठाबशा काढायला लावल्या गेल्या. त्यानंतर सहावीतली एक मुलगी आजारी पडली आणि काही दिवसांत गेली. हातात छडी नसली तरी शिक्षा करण्याची सवय गेलेली नव्हती.

पण शाळेतली हिंसा म्हणजे फक्त मास्तरांचा मार नव्हे. मुलंही मुलांना छळतात, आणि त्याची आपल्याकडची सर्वांत स्पष्ट नोंद सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. शाळा सुटली की ते गोणपाट घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायानं नळ सोडून दिला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानेलंच राहायचं. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग धनंजय कीरांच्या चरित्रात येतो. मास्तरांनी या मुलाला गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळतील म्हणून मुलं धावत गेली आणि तिथून डबे हलवल्यावरच फळा मोकळा झाला.

या गोष्टीत कुणी कुणाला मारलेलं नाही. त्या मुलांना दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही, कारण ती घरी शिकली तेच वर्गात करत होती आणि वर्गातल्या मोठ्या माणसाला ते खटकत नव्हतं. उलट साताऱ्याच्याच शाळेत एक ब्राह्मण मास्तर मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाजीभाकरी त्या मुलाला देत, ही आठवण बाबासाहेबांनी जन्मभर जपली. गाव तेच, रूढी तीच. एका मोठ्या माणसानं वेगळं वागायचं ठरवलं, तर मुलाचा रोजचा तासभर तरी बदलला.

माझ्या मते प्रश्नाचं मूळ इथं आहे. मुलं क्रूर का होतात, यापेक्षा मोठी माणसं कशाकडे काणाडोळा करतात हे विचारलं तर उत्तर लवकर सापडतं. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी सवंगड्यांच्या छळाला कंटाळून जीव दिला, तेव्हा तो देश हादरला आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञानं बर्गेनच्या ४२ शाळांत जो कार्यक्रम राबवला, त्यानंतर छळाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. त्याच्या अभ्यासात एक साधी गोष्ट दिसली होती. वर्ग लहान की मोठा यानं फारसा फरक पडत नव्हता, पण मधल्या सुट्टीत जितकी जास्त मोठी माणसं मुलांमध्ये वावरत, तितका छळ कमी होता.

आपल्याकडचा कायदाही हे ओळखून आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात छळणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहेच. पण त्यात आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, आणि ती टाळली तर त्यानं गुन्ह्याला चिथावणी दिली असं मानायचं. गप्प बसणारा मोठा माणूसही गुन्ह्यात सामील, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी मे २०१९ मध्ये मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आदिवासी समाजातल्या एका तरुण डॉक्टरनं जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, आणि आधी तक्रार केली होती तरी कुणी दाद घेतली नाही, असं घरच्यांनी सांगितलं. फळ्यामागचे डबे हलवणारी मुलं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

या छळाला मराठीत नेमका शब्दच रुळलेला नाही. आपण म्हणतो खोड्या, चिडवाचिडवी, मस्करी, फार तर दादागिरी. सगळे शब्द असे, की ऐकणाऱ्यानं हसून सोडून द्यावं. मस्करीची कुस्करी होते हे आपल्याला ठाऊक असतं, पण ती होऊन गेल्यावर.

मग करायचं काय? शाळांत सीसीटीव्ही लागले, समित्या आल्या, मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आहे. हे सगळं हवंच. पण कॅमेरा झालेलं दाखवतो, होत असताना "अरे, थांब" म्हणत नाही. त्यासाठी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतून बाहेर येणारा एक मास्तर लागतो, गाडीत मागच्या सीटवर काय चाललंय ते आरशात बघणारा बसवाला काका लागतो. आणि घरी दारातच "किती मार्क मिळाले?" विचारण्याआधी "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" असं विचारणारं कुणीतरी लागतं. उत्तर "एकट्यानंच" असं दोन-तीन दिवस सलग आलं, तर शाळेत जाऊन यायला हवं. तक्रार करायला नव्हे, नुसतं मधल्या सुट्टीत काय चालतं ते विचारायला.