पंचहौदचा मनोरा आणि कपभर चहा

गटाच्या कामानं पुण्याला गेले, की गुरुवार पेठेत माझी मान आपोआप वर जाते. पवित्र नाम देवालयाचा मनोरा! चर्च १८८५ चं. मनोरा त्याला चिकटून नाही, शेजारी वेगळा उभा. सुमारे १३० फूट, आत आठ घंटा. पायाशी जुन्या पेठा.

पण मला ओढ तिथल्या चहाची. ऑक्टोबर १८९० मध्ये या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी जमली. चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नाही. नावं मात्र पेपरात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. म्हणजे वाळीत टाकायचा खटला! वाळीत पडलं, की घरी भटजी नाही, पंगतीला माणूस नाही, सासरच्या लेकीला माहेर बंद. चहा पुरुषांनी प्यायचा, भोगायचं बायकांनी. पुढे रानड्यांनी मित्रांखातर प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलंय.

आमच्या गटाची बैठक आळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी असते. एका ताईंकडे कप भरलेलेच परत जायचे. कारण कुणी बोलायचं नाही. गेल्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. ताई आत जाऊन आधण ठेवून आल्या. दोघींनी कप उचलले.