पुड्या विकून मिळालेला कॅमेरा

आमच्या स्टँडरोडवरचा जुना फोटो स्टुडिओ गेल्या महिन्यात बंद झाला. निगेटिव्हची खोकी भंगारात गेली. अर्ध्या गावाची लग्नं, बारशी आणि मॅट्रिकचे फोटो होते त्यात. तेव्हापासून जेम्स व्हॅन डर झी हा अमेरिकन फोटोग्राफर डोक्यात घोळतोय. आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जन्म १८८६ चा. मॅसॅच्युसेट्समधलं लेनॉक्स हे छोटंसं गाव, कृष्णवर्णीय कुटुंब. पोरगा असताना त्याने सुगंधी पावडरच्या पुड्या विकल्या आणि बक्षीस म्हणून कॅमेरा मिळवला. पुढे घरच्यांचे, गावातल्यांचे फोटो काढायचे आणि स्वतःच धुवायचे, हा नाद लागला.

पण नादावर पोट भरत नाही. १९०६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. वेटर झाला, लिफ्टमन झाला, पियानो-व्हायोलिन वाजवून चार पैसे मिळवले. १९१५ मध्ये नेवार्कच्या एका दुकानात डार्करूममध्ये मदतनीस म्हणून लागला, तिथे धंदा जवळून बघितला. १९१६ च्या सुमारास हार्लेममध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला, नाव ‘गॅरंटी फोटो’. तेव्हा तिशीचा होता.

जागा आणि वेळ अचूक साधली. दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय माणसं हजारोंनी उत्तरेकडे येत होती. शहरात आपलं बरं चाललंय हे गावाकडच्यांना दाखवायला फोटोसारखं दुसरं काय? गिरणीत लागलेल्या आपल्या माणसाने मुंबईहून गावी फोटो पाठवावा, तसंच. वर्तमानपत्रांत त्या काळात कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी चित्रं छापली जायची. व्हॅन डर झीच्या पडद्यासमोर मात्र तोच माणूस ताठ बसायचा. अंगावर ठेवणीतला सूट, हातात पुस्तक, शेजारी फुलदाणी.

तो निगेटिव्हवर हाताने काम करायचा. सुरकुत्या घालवायच्या, गळ्यात नसलेला दागिना रेखायचा, सिगारेटचा धूर काढायचा. दोन निगेटिव्ह एकत्र करून नवरा-नवरीच्या फोटोत पुढे होणारं बाळही धूसर दाखवायचा! फोटोशॉपच्या साठेक वर्षं आधी. मला हे खोटं वाटत नाही. गिऱ्हाईक जे स्वप्न बघतंय तेच तो कागदावर उतरवत होता. १९२४ मध्ये मार्कस गार्वींच्या चळवळीचे अधिकृत फोटो त्यानेच काढले. १९३२ मधला त्याचा एक फोटो जगभर गाजलाय. लांब फरकोट घातलेलं जोडपं आणि त्यांची चकचकीत कॅडिलॅक गाडी. ऐन मंदीतला आहे बरं का.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी कॅमेरे आले आणि धंदा बसला. पासपोर्टचे फोटो, टपालाने आलेल्या जुन्या फोटोंची दुरुस्ती, यावर कसंबसं भागायचं. ही गोष्ट कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्याला सांगा, तो पुढचं तुम्हालाच सांगेल.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं. कृष्णवर्णीय चित्रकारांना त्यात जागा नाही म्हणून बाहेर निदर्शनं झाली, आणि ती रास्तच होती. आत मात्र या ८२ वर्षांच्या म्हाताऱ्याच्या फोटोंपुढे लोक थबकले. आयुष्यभर दुकानदार म्हणून जगलेला माणूस एकदम ‘कलावंत’ ठरला.

आणि त्याच वर्षी त्याला राहत्या घरातून बाहेर काढलं गेलं. फोटो प्रसिद्ध, फोटोवाला रस्त्यावर. पुढे १९८१ मध्ये स्वतःच काढलेले फोटो परत मिळावेत म्हणून त्याला कोर्टात जावं लागलं. नव्वदी उलटल्यावर त्याने पुन्हा कॅमेरा हाती घेतला, मुहम्मद अली, बास्किया यांचे फोटो काढले. १९८३ मध्ये ९६ व्या वर्षी तो गेला.

२०२१ मध्ये त्याच मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमसोबत त्याचा सगळा संग्रह ताब्यात घेतला. सुमारे २०,००० प्रिंट आणि ३०,००० निगेटिव्ह. त्यातल्या कित्येक चेहऱ्यांची नावं आज कुणालाच ठाऊक नाहीत.

आमच्या स्टँडरोडवरच्या खोक्यांवर मात्र नावं, तारखा, सगळं लिहिलेलं होतं. भंगारवाल्याकडे जाऊन आलो, माल पुढे गेला होता. कुणाकडे त्या स्टुडिओचा शिक्का मागे असलेले फोटो असतील तर सांगा. घरी येऊन स्कॅन करून नेतो, मूळ फोटो तुमच्याकडेच राहील.