छायाचित्रातील वंचित : चौकटीवर हक्क कोणाचा?

समाजाच्या कडेला ढकलल्या गेलेल्या माणसांचे जीवन टिपणे, ही छायाचित्रणकलेची जुनी परंपरा आहे. जेकब रीस यांनी न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांच्या कोंदट चाळी १८९० मध्ये पुस्तकरूपाने लोकांपुढे मांडल्या, तेव्हापासून कॅमेरा हे समाजसुधारणेचे साधन मानले जाऊ लागले. मात्र ज्याचे छायाचित्र घेतले जाते, त्याला त्यात कितपत अधिकार असतो, हा प्रश्नही तेवढाच जुना आहे. भारतातील काही महत्त्वाच्या छायाचित्रमालिकांतून या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे पाहायला मिळतात.

फॉकलंड रोड

अमेरिकी छायाचित्रकार मेरी एलन मार्क १९६८ मध्ये प्रथम मुंबईच्या फॉकलंड रोडवर, म्हणजे आजच्या पठ्ठे बापूराव मार्गावर, आल्या. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी त्यांना शिव्या घालून, कचरा फेकून हाकलले. पुढील दहा वर्षांत मुंबईला आल्या की त्या प्रयत्न करीत आणि तोच अनुभव घेऊन परतत. १९७८ मध्ये मात्र त्या चिकाटीने तेथेच थांबल्या, काही स्त्रियांशी आणि घरवाल्यांशी त्यांची ओळख झाली आणि १९८१ मध्ये 'फॉकलंड रोड' हे रंगीत छायाचित्रांचे पुस्तक आले. जिव्हाळ्यामुळे त्याची वाखाणणी झाली, तशी परकीय नजरेबद्दल टीकाही झाली. त्यातील काही मुली अल्पवयीन होत्या आणि त्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. जवळीक साधली म्हणजे संमतीचा प्रश्न सुटतोच असे नाही, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

गटारातील माणूस

अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करीत होते. महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन त्यांनी कृष्णधवल छायाचित्रांतून टिपले. संरक्षक साधनांविना मॅनहोलमध्ये उतरणारे, कचऱ्याच्या ढिगात उभे राहून काम करणारे हे कामगार बहुतांशी दलित समाजातील. ओलवे केवळ कामापाशी थांबले नाहीत. कामगारांची घरे, कुटुंबे, व्यसने आणि आजारपणही त्यांच्या मालिकेत येतात. शहर रोज ज्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करते, त्यांना या छायाचित्रांनी समोर आणून उभे केले. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३ आणि २०१३ मध्ये बंदीचे कायदे झाले, तरी गटारांतील मृत्यू थांबलेले नाहीत. छायाचित्राच्या सामर्थ्याची मर्यादाही येथे दिसते.

मोनाने परत मागितलेला रोल

दयानिता सिंग १९८९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रासाठी दिल्लीतील तृतीयपंथीयांची छायाचित्रे घेत होत्या. मोना अहमद यांनी मोकळेपणाने छायाचित्रे काढू दिली. पण ती लंडनमध्ये छापली जाणार आणि तेथील नातेवाईक ती पाहणार, हे कळताच त्यांनी फिल्मचा रोल परत मागितला. सिंग यांनी तो देऊन टाकला. काम बुडाले, पण त्यातून आयुष्यभराची मैत्री जुळली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायसेल्फ मोना अहमद' या पुस्तकात छायाचित्रांसोबतचा मजकूर मोना यांचाच आहे. दिल्लीतील कब्रस्तानात राहणाऱ्या मोना यांनी प्रकाशकाला पाठविलेल्या ई-मेलमधून तो आकाराला आला. त्यांचे २०१७ मध्ये निधन झाले. सिंग यांना २०२२ मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

जव्हारचे मुखवटे

गौरी गिल यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत २०१३ पासून त्यांनी केलेल्या मालिकेत गिल यांच्या छायाचित्रावर वांगड स्वतः रेखाटन करतात. कॅमेऱ्याला न दिसणारी गावाची स्मृती, तुटलेले जंगल आणि देवांच्या कथा तेथे उमटतात. कलाकृती दोघांच्या नावाने ओळखली जाते. २०१५ पासून जव्हार परिसरातील कोकणा आणि वारली कलावंतांसोबत त्यांनी दुसरी मालिका केली. बोहाड्यासाठी कागदाच्या लगद्याचे देवदेवतांचे मुखवटे घडविणाऱ्या कलावंतांनी येथे माणसांचे, प्राण्यांचे आणि रोजच्या वापरातील वस्तूंचे मुखवटे बनवले. गावकरी ते घालून नेहमीच्या जागी, नेहमीच्या कामात उभे राहिले. स्वतःला कसे दाखवायचे, हे येथे बरेचसे त्यांनीच ठरवले.

म्हणूनच अशा प्रदर्शनात केवळ प्रकाश, रचना आणि करुणा पाहून थांबू नये. चित्राखाली त्या व्यक्तीचे नाव आहे का, आणि सुरक्षिततेसाठी ते वगळले असेल तर चेहराही झाकला आहे का? तिला नकार देण्याची मुभा होती का? श्रेय आणि मोबदला यांत तिचा वाटा किती? अन्यायाचा पुरावा म्हणून छायाचित्र आवश्यकच असते. पण रोल परत मागणाऱ्या मोना अहमद यांचा अधिकार मान्य केल्यानंतरच ते सन्मानाचेही साधन ठरते.