चीनमधील राष्ट्रवादाचा उदय
पाश्चात्त्य सत्तांनी लादलेल्या असमान तहांविरुद्ध चीनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे चाललेला झगडा व त्यातून घडलेली आधुनिक राष्ट्रभावना. या काळात चिन्यांनी आधी शस्त्रे बदलून पाहिली, मग राज्यकारभार, मग राजवटच काढून टाकली आणि अखेर जुन्या समाजरचनेलाच हात घातला.

झगड्याचे तात्कालिक कारण अफू हे होते. चिनी चहा व रेशमाची किंमत चांदीत मोजावी लागू नये म्हणून ब्रिटिश व्यापाऱ्यांनी भारतातील अफू चीनमध्ये चोरून नेण्याचा सपाटा लावला. बंगालची अफू कलकत्त्याहून, तर माळव्याची मुंबईहून जाई. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या मुंबईकर व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. १८३९ मध्ये बादशहाचा खास अधिकारी लिन झेश्यू याने कँटनच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या. हूमेनच्या किनाऱ्यावर मोठे चर खणून पाण्याने भरण्यात आले. अफूचे गोळे फोडून मीठ व चुन्याबरोबर त्यांत कालवले आणि तो लगदा ओहोटीबरोबर समुद्रात सोडून दिला. हे काम तीन आठवड्यांहून अधिक चालले. ब्रिटनने याचे उत्तर आरमार धाडून दिले; हे पहिले अफूचे युद्ध. नानकिंगच्या तहाने (१८४२) हाँगकाँग गेले, पाच बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले. या व त्यापाठोपाठच्या तहांनी आयात-निर्यातीवरील जकात स्वतः ठरवण्याचा अधिकार गेला, तसेच परदेशी गुन्हेगारावर चिनी न्यायालयात खटला चालवण्याचाही. दुसऱ्या अफूच्या युद्धात (१८५६–६०) तर इंग्रज-फ्रेंच फौजा थेट पेकिंगमध्ये शिरल्या व राजधानीबाहेरचा उन्हाळी राजवाडा त्यांनी लुटून जाळला.

चीनवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याच्या दरबाराने या पराभवांचा अर्थ लावला तो शस्त्रांपुरताच. तैपिंग बंडाने (१८५०–६४) देश आतूनही पोखरला होता. ते मोडून काढणाऱ्या झेंग ग्वोफान, ली हुंगजांग, झ्वो झोंगतांग या प्रांताधिकाऱ्यांनी आत्मबलवर्धनाची चळवळ सुरू केली. शांघायला शस्त्रांचा कारखाना (१८६५) व फूजौला जहाजबांधणीची गोदी (१८६६) निघाली. १८७२ पासून १२० मुले शिक्षणासाठी अमेरिकेस पाठवण्यात आली, पण ती फारच परदेशी वळणाची होत आहेत या भीतीने १८८१ मध्ये त्यांना परत बोलावले. चिनी विद्येचा गाभा तसाच ठेवून पाश्चात्त्य विद्या केवळ व्यवहारापुरती वापरायची, हे धोरण दिसायला सुटसुटीत होते. प्रत्यक्षात प्रत्येक प्रांताचे आरमार वेगळे आणि हेवेदावेही वेगळे. १८८४ मध्ये फ्रेंचांनी फूजौचे आरमार बुडवले, तेव्हा ली हुंगजांगची उत्तरेतील जहाजे मदतीला आलीच नाहीत. दहा वर्षांनी जपानने तीही निकालात काढली. शिमोनोसेकीच्या तहाने (१८९५) तैवान गेले आणि २० कोटी ताएल चांदीची खंडणी बसली.

चिनी राष्ट्रवादाला खरी जाग आणली ती युरोपच्या तोफांपेक्षा या पराभवाने. ज्या देशाला चिनी पंडित आपला शिष्य मानत, त्यानेच पाश्चात्त्य विद्या आत्मसात करून गुरूला लोळवले होते. पाठोपाठ जर्मनी, रशिया, ब्रिटन व फ्रान्स यांनी बंदरे भाडेपट्ट्याने घेतली आणि देशाची वाटणी होणार असे दिसू लागले. कांग यौवेई व ल्यांग चीचाव यांच्या सल्ल्याने ग्वांगश्यू बादशहाने १८९८ च्या उन्हाळ्यात शिक्षण, सैन्य व प्रशासन यांच्या सुधारणांचे हुकूम काढले. शंभर दिवसांतच राजमाता त्सशी हिने त्याला नजरकैदेत टाकले. सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला. त्यांपैकी तान सतोंग याने पळून जाण्याची संधी असूनही ती नाकारली.

याच सुमारास शांतुंगच्या दुष्काळी खेड्यांत बॉक्सर बंड पेटले. मंत्रतंत्र व कवायतींनी गोळी लागत नाही अशी श्रद्धा असलेल्या या शेतकऱ्यांनी मिशनरी व चिनी ख्रिस्ती यांच्यावर हल्ले केले. १९०० मध्ये पेकिंगमधील परदेशी वकिलातींना ५५ दिवस वेढा पडला आणि आठ देशांच्या फौजांनी तो उठवला. ब्रिटिश तुकड्यांत मोठा भरणा भारतीय शिपायांचा होता. १९०१ च्या करारात ४५ कोटी ताएलांचा दंड ३९ वर्षांत फेडायचा ठरला. या बंडाला राष्ट्रवादी म्हणण्याचा मोह होतो; परंतु बॉक्सरांची निष्ठा छिंग घराण्याशी होती, राष्ट्र ही कल्पना त्यांच्या गावीही नव्हती.

ती रुजली शहरांत. १९०५ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास असलेल्या बंदीविरुद्ध व्यापाऱ्यांनी अमेरिकी मालावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी जुनी राजपरीक्षा रद्द झाली आणि सन यत्‌सेन यांनी टोकियोत ‘तुंगमंगह्वे’ ही क्रांतिसंघटना उभारली. तिचा पहिला रोख परकीय, मांचू वंशाच्या छिंग घराण्यावर होता. १९११ मध्ये सरकारने लोकवर्गणीतून चाललेले रेल्वेमार्ग ताब्यात घेऊन परदेशी कर्जाला मोकळे रान दिले. सच्वानमध्ये उठाव झाला, १० ऑक्टोबरला वूचांगच्या सैनिकांनी बंड केले आणि १ जानेवारी १९१२ रोजी प्रजासत्ताक जाहीर झाले. सत्ता मात्र लवकरच लष्करशहा युआन शकाय याच्या हाती गेली.

४ मे १९१९ हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दिवस. पहिल्या महायुद्धात चीन दोस्तांच्या बाजूने होता, सुमारे १,४०,००० चिनी मजूर युरोपात राबले होते. तरी जर्मनीचे शांतुंगमधील हक्क पॅरिस परिषदेने जपानला दिले. सुमारे ३,००० विद्यार्थी तिएनआनमेनपाशी जमले. वकिलातींच्या वस्तीत प्रवेश नाकारताच मोर्चा जपानधार्जिणा मंत्री त्साव रूलीन याच्या घराकडे वळला. तो निसटला, पण घर जळाले. पुढे शांघायचे दुकानदार व कामगार संपात उतरल्यावर सरकार नमले आणि चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. चन दूश्यू, हू श, लू शून या लेखकांनी बोलभाषेत लिहून कन्फ्यूशियसप्रणीत कुटुंबव्यवस्थेवर आधीच हल्ला चढवला होता. ४ मेनंतर त्यांचे विचार देशभर पोहोचले.

याच विचारमंथनातून १९२१ मध्ये शांघायला कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. ३० मे १९२५ रोजी तेथील आंतरराष्ट्रीय वसाहतीत ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमाने शीख व चिनी पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्यातून उद्‌भवलेला हाँगकाँग-कँटन संप वर्षभराहून अधिक चालला. १९२७ मध्ये हानकौची ब्रिटिश वसाहत चीनने परत मिळवली. परदेशी नागरिकांना चिनी न्यायालयांतून मिळालेली सूट ब्रिटन व अमेरिकेने जानेवारी १९४३ मध्ये स्वतंत्र करारांनी सोडली. हाँगकाँग ब्रिटनच्या करारात नव्हते, ते १ जुलै १९९७ रोजी चीनकडे आले.