नव्वद नंबरचं तेल

चोपडा तालुक्यात ट्रॅक्टर आला तो बैलांच्या मागून, हळूहळू. 1959 साली फरिदाबादला आयशरचा, 1965 साली मुंबईत कांदिवलीला इंटरनॅशनलचा आणि 1971 साली पिंजोरला एचएमटीचा ट्रॅक्टर बनू लागला. त्याआधी देशात चालणारे ट्रॅक्टर बहुतेक परदेशी. तापी आणि सातपुड्याच्या मधल्या आमच्या काळ्या जमिनीत नांगरटीला त्याचा मोठा आधार झाला. पण खरी चाकरी त्याने ट्रॉलीला जुंपून केली. 1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून हंगामात खरेदी केंद्रापुढे कापसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागायच्या. सुरुवातीला बैलगाड्या जास्त, पुढे ट्रॅक्टर.

आमच्या आबांनी 1984 साली सातबाऱ्यावर बोजा चढवून ट्रॅक्टर घेतला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष नव्हता.

दोन वर्षं तो छान चालला. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, ऐन कापसाच्या दिवसांत, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेलाचे थेंब दिसू लागले. तेल घट्ट, उग्र वासाचं. इंजिनचं तेल काळं पडतं, हे तसं नव्हतं. मिस्तरीने बोटावर घेऊन सांगितलं, "नव्वद नंबर शे." म्हणजे गिअरबॉक्सचं. आतल्या शाफ्टचं ऑइल सील गेलं होतं. तेल क्लचप्लेटवर उतरत होतं, त्यामुळे भरली ट्रॉली चढावर ओढताना क्लच घसरायचा.

सील दिसायला बांगडीएवढं रबराचं कडं. पण ते बदलायचं तर ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात. मिस्तरीने दोन दिवस खपून काम केलं. आठवड्याने पुन्हा थेंब. त्याने पुन्हा खोललं, दुसरं सील, नवं पॅकिंग. पुन्हा तेच. आबांचा तोल गेला. चार माणसांत ते मिस्तरीला बोलले, दुसऱ्या वेळची मजुरी दिली नाही आणि ट्रॅक्टर जळगावला एका गॅरेजात नेला. तिथे तिसरं सील पडलं. चौथ्या दिवशी अंगणात पुन्हा डाग! आई त्यावर राख टाकायची. आबा खाटेवर बसून म्हणायचे, "तेल बी गयस, पैसा बी गयस." बँकेचा हप्ता तोंडावर आला होता आणि कापूस घरात पडून होता.

एक दिवस तोच मिस्तरी सायकलवरून जाताना थांबला. आबा काही बोलले नाहीत. तो खाली वाकला नाही. गिअरबॉक्सच्या वर हात फिरवत राहिला. धुळीने माखलेला एक बोल्ट त्याने पान्याने सैल केला. फस्स करून हवा बाहेर आली.

"हाऊ बोल्ट आठे कोनी लावा?" त्याने विचारलं.

तिथे बोल्ट नसतोच. तिथे ब्रीदर असतो, गिअरबॉक्सचं नाकच म्हणा. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून निघून जाते. ते नाक बंद झालं की कोंडलेली हवा तेलाला ढकलते आणि तेल सर्वांत कच्च्या जागेतून, म्हणजे सीलमधून, वाट काढतं. सील कितीही नवं घाला.

मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. पोळ्याला बैलांबरोबर ट्रॅक्टरही धुवायचा, ही माझी हौस. त्या वर्षी धुताना ब्रीदरची टोपी तुटून हातात आली. भोकातून पाणी आत जाईल म्हणून मी डब्यातला एक बोल्ट शोधला. आटे जुळले, घट्ट आवळला आणि विसरून गेलो. मी तेरा वर्षांचा होतो. खरं म्हणजे विसरलो नव्हतो. पण या बोल्टाचा त्या थेंबांशी काही संबंध असेल असं वाटलंच नाही. मिस्तरीने विचारलं तेव्हा मात्र सगळं कळलं, आणि तरी मी गप्प राहिलो.

रात्री जेवताना आबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, ताटावरून उठले तेवढे. सकाळी त्यांनी माझ्या हातात राहिलेली मजुरी ठेवली. "तूच जाय. चार माणसांत मी त्याला बोललो, मी येईन मागून."

मिस्तरीने पैसे मोजले. अर्धे ठेवून अर्धे परत केले. म्हणाला, "दोनदा मी बी वर दखं नही." आबा आले तेव्हा गॅरेजात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच आबांनी चूक कबूल केली. मग मिस्तरीने नवा ब्रीदर बसवला. दाबाने तिसऱ्या सीलची कडही उलटली होती, म्हणून चौथं सील घातलं. त्यानंतर अंगणात राख टाकायची वेळ आली नाही.

तो ट्रॅक्टर पुढे पंधरा वर्षं आमच्याकडे होता आणि त्याला हात लावला तो त्याच मिस्तरीने. आता घरात दुसरा ट्रॅक्टर आहे. पोळ्याला पोरं तो धुतात, तेव्हा मी खुर्ची टाकून जवळ बसतो. धुऊन झालं की आधी ब्रीदर पाहतो, मग हार घालू देतो.