संगणकाच्या स्मृतीतली झाडलोट

फळा भरला की आपण तो पुसतो. पण काय अजून लागणार आहे, हे आधी पाहावे लागते. संगणकाच्या स्मृतीचेही तसेच. पूर्वी ही काळजी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागे. हवी ती माहिती चुकून पुसली गेली, तर चूक शोधता शोधता दिवस जात.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ या संगणकभाषेसाठी हे काम यंत्राकडेच सोपवले. १९६० मध्ये त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. स्मृतीतील जागा संपली, की प्रोग्रॅमच्या हाताशी असलेल्या माहितीपासून निघायचे, दुव्यामागून दुवा धरत पोचता येईल त्या प्रत्येक कप्प्यावर खूण करायची आणि बिनखुणेचे कप्पे मोकळे करायचे. याला काही सेकंद लागत. तोवर मूळ काम थांबे.

पहिल्या जाहीर प्रात्यक्षिकात नेमकी मध्येच जागा संपली. टंकयंत्र झाडलोटीचा लांबलचक अहवाल सावकाश छापू लागले. वेळ संपली आणि प्रेक्षकांत हशा पिकला.

पण असा अहवालच पुढे प्रोग्रॅम तपासणाऱ्यांच्या कामी आला. कारण कोणत्या कप्प्यापर्यंत पोचता येते, एवढेच यंत्राला कळते; त्याची गरज उरली आहे का, हे कळत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात ‘पुसू नये’ असे लिहून कोणी विसरून गेले, तर तो कोपरा अडलेलाच राहतो. स्मृती विनाकारण भरत असेल, तर आजही पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: हा कप्पा कोणी धरून ठेवला आहे?