दुसऱ्यांदा पोरकी होऊ नयेत

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर परिसर कधीच विसरणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि औसा तालुक्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद व आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर अशी गावे भुईसपाट झाली. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवद यांनी पिढ्यानपिढ्या ऊन अडविले होते. त्याच घरांखाली माणसे गाडली गेली. सुमारे ८ हजार माणसे दगावल्याची शासकीय नोंद आहे.

अनेक मुलांचे मायबाप त्या पहाटे गेले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. परंतु कित्येक मुले गावातच राहिली आणि त्यांचे संगोपन आजी-आजोबांवर आले. स्वतःच्या मुला-सुनेचे दुःख गिळून त्यांनी चुली पुन्हा पेटविल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे पुनर्वसन झाले. घरे किती बांधली, हे इतिहासात नोंदले गेले. त्या घरांत लेकरे कोणी वाढविली, हे फारसे कोणी लिहिले नाही. जुन्या गावात हाक मारली की शेजारीण धावून येई. नव्या वसाहती ऐसपैस. रस्ते रुंद, घरे दूरदूर. म्हाताऱ्या पायांना तेवढे अंतरही जड जाते.

हे ओझे भूकंपापुरते राहिले नाही. नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार या भागांतून दरसाल ऊसतोडीसाठी जोडपी बाहेर पडतात. पाच-सहा महिने शाळकरी मुले आजीच्या स्वाधीन असतात. २०२० व २०२१ च्या कोरोनाकाळाने तर पुन्हा अनेक घरांत आजोबांनाच बाप केले.

पवित्र शास्त्राला हे नाते अपरिचित नाही. तीमथ्याच्या श्रद्धेचे मूळ संत पौल त्याच्या आजीत, लोईसमध्ये पाहतो. मुलगे गमावलेल्या नामीने ओबेदाला उराशी धरले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी राखून ठेवला, तोही संत योआकिम व संत अन्ना यांच्या २६ जुलैच्या सणाला लागूनच.

तथापि, केवळ गौरवाने भागत नाही. नातवाच्या वह्यांसाठी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणारी आजी आम्ही पाहिली आहे. विचारले, तर म्हणाली, “माझं काय, फादर, पिकलं पान!” हा त्याग म्हणून आम्हांस मान्य करवत नाही. तिला पक्षाघात झाला, तर ते लेकरू दुसऱ्यांदा पोरके होईल. तिने औषध घेणे हा स्वार्थ नव्हे. तो त्या लेकराच्या संगोपनाचाच भाग आहे.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातून एकदा मिस्सानंतर वृद्धांचा रक्तदाब व साखर तपासावी. मोतीबिंदूमुळे ज्यांना दिसेनासे झाले आहे, त्यांना तरुणांनी दवाखान्यात न्यावे. आपल्या पश्चात मुलांचे कोण पाहील, हे नात्यातील माणसांनी वेळीच बसून ठरवावे. भूकंपाने आम्हांला घराची भिंत पक्की बांधावयास शिकविले. ज्यांच्या आधाराने लेकरे उभी आहेत, त्या थकल्या जिवांकडेही आपण तितक्याच काळजीने पाहू या.